माध्यमांवरचे सिनेमे बघताना या चुका टाळा

प्रभात रोडवर एका मैत्रिणीच्या घरी आम्ही दहा-बाराजण महिन्यातून एकदा जमून सिनेमा बघतो. सध्या पत्रकारितेवरचे सिनेमे चालू आहेत. दर वेळी पडदा काळा झाला की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, "मीडिया सगळा विकला गेलाय." सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि चर्चा तिथेच बसते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे सिनेमे त्याहून बरंच काही सांगत असतात.

पहिली चूक म्हणजे खलनायक शोधत बसणं. 'पीपली लाइव्ह' (२०१०) लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या अनुषा रिझवी आधी टीव्ही पत्रकार होत्या. त्यामुळे चॅनेलवाल्यांची धावपळ आतून आलेली आहे. नत्था हा कर्जात बुडालेला शेतकरी भरपाईसाठी आत्महत्या करणार अशी बातमी पसरते. आपण हसतो ते त्याच्या घराभोवतीच्या कॅमेऱ्यांना. पण त्याच गावात होरी महातो नावाचा वाळलेला माणूस रोज एकटा खड्डा खणत असतो, माती विकून पोट भरायला. तो त्याच खड्ड्यात मरतो आणि बातमी होत नाही. स्थानिक बातमीदार राकेश होरीचा विषय मोठ्या चॅनेलच्या नंदिताकडे काढतो, तेव्हा ती त्याला समजावते की लोकांना रस नत्थात आहे. ती दुष्ट नाही, तिचं गणित तिला पाठ आहे. खलनायक शोधायच्या नादात आमच्याकडच्या निम्म्या लोकांना होरी आठवतही नव्हता.

दुसरी चूक मला सगळ्यांत मोठी वाटते: गर्दीकडे न बघणं. बिली वाइल्डरच्या 'एस इन द होल'मध्ये (१९५१) गुहेत एक माणूस अडकतो. बातमी लांबावी म्हणून चक टेटम हा वार्ताहर सुटकेचा लांबचा मार्ग निवडायला लावतो. टेटमला शिव्या घालून आपण मोकळे होतो. पण फाटकावरची पाटी बघा. आधी प्रवेश फुकट, मग २५ सेंट, मग ५० आणि शेवटी डॉलर. वाइल्डर ती पाटी नुसती दाखवून पुढे जातो. एक कुटुंबवत्सल गृहस्थ रेडिओवर अभिमानानं सांगतो की इथे सगळ्यांत आधी आम्ही आलो. मागे पाळणे लागलेत, जत्रा भरलीय. टेटम बातमी विकतोय, हे खरं. पण ती विकत घ्यायला लोक पोराबाळांना घेऊन आलेत. हा सिनेमा आपल्याला बघतोय, हे चर्चेत कुणी बोलत नाही.

तुकडा बघून सिनेमा कळला असं समजू नका. 'नेटवर्क'मधला (१९७६) टीव्हीवरचा वृत्तनिवेदक हॉवर्ड बील संतापून ओरडतो आणि लोक खिडक्या उघडून त्याच्याबरोबर ओरडतात, ही क्लिप फोनवर फिरत असते. पुढे काय होतं? चॅनेल त्याच्या संतापाचाच कार्यक्रम करतं आणि प्रेक्षक घटल्यावर त्यालाच संपवतं.

आणि 'सिंहासन' (१९७९) नुसता राजकारणाचा सिनेमा म्हणून बाजूला ठेवू नका. अरुण साधू स्वतः पत्रकार. त्यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी ती पडद्यावर आणली. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार सगळ्यांच्या दारात जातो आणि सगळं जाणतो. शेवटी तो कोलमडतो. आमच्यातल्या एकानं त्याला "भित्रा" म्हटलं. मला ते फार लागलं. त्याला जे कळलं होतं, ते छापायला जागा कुठे होती, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

चर्चा अडलीच तर रिमोट घ्या. एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावा. चौकटीत कोण आहे, कोण कडेला आहे, पैसे कोण मोजतंय, एवढंच बघा. आम्ही होरीचा प्रसंग असा लावला तेव्हा खोली पहिल्यांदा गप्प झाली, आणि मग तासभर बोलणं झालं.

आणखी एक: सिनेमा संपतोय असं वाटलं की लाइट लावायची घाई करू नका. 'पीपली'त गाड्या निघून जातात, मागे कचरा उरतो, नत्था शहरातल्या बांधकामावर धुळीत बसलेला दिसतो. १९९१ ते २००१ या काळात ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली, ही ओळ अगदी शेवटी येते. आमच्याकडे तोवर कपबशा वाजायला लागल्या होत्या.