माइनक्राफ्ट वाढदिवस: पाहुण्या मुलांच्या टॅबवर वर्ल्ड दिसत नसेल तर

केक क्रीपरचा (गेममधला हिरवा राक्षस), फुगे हिरवे-काळे आणि सगळ्या पोरांनी मिळून एकाच वर्ल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या एकाच जगात, किल्ला बांधायचा, असा बेत होता. आदल्या संध्याकाळी शेजारच्या मुलांना बोलावून चाचणी घेतली, तर लेकाच्या टॅबवर वर्ल्ड सुरू आणि बाकीच्यांची यादी रिकामी. राउटर बंद-चालू केला, गेम पुन्हा टाकला, शून्य फरक. डोक्याचं भजं झालं.

गोम गेस्ट वाय-फायमध्ये, म्हणजे राउटरवरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये होती. त्यावरची उपकरणं बहुतेक राउटर एकमेकांना दिसूच देत नाहीत. इंटरनेट मात्र झकास चालतं, म्हणून संशय येत नाही.

आधी सगळे टॅब मुख्य वाय-फायवर घ्या. राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सोय) चालू असेल तर बंद करा. गेमची आवृत्ती सगळीकडे एकच हवी. मग यजमान टॅबवर (ज्यावर वर्ल्ड आहे तो) वर्ल्डच्या नावाशेजारची पेन्सिल दाबा, मल्टिप्लेअरमध्ये ‘व्हिजिबल टू लॅन प्लेअर्स’ (लॅन म्हणजे घरातलंच नेटवर्क) चालू करा आणि त्यानंतरच वर्ल्ड उघडा. यजमानाने वर्ल्ड उघडं ठेवायचं. तो बाहेर पडला की सगळेच बाहेर.

कुणी लॅपटॉपवर जावा एडिशन (संगणकासाठीचा गेमचा वेगळा प्रकार) घेऊन आलं तर ते टॅबवरच्या बेडरॉक या प्रकाराला जोडलं जात नाही. पालकांना निमंत्रणातच कळवा.