आलं तेवढंच खर्च केलं, आणि तिथंच फसले

गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलात, किंवा गावाने धरून-बांधून तुम्हाला कार्यवाह केलं, की पहिल्या महिन्यात तीन माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो, "सरकारी अनुदान येतंय ना, मग कसली काळजी!" दुसरा म्हणतो, "वह्या माझ्याकडे द्या, मार्चमध्ये भरून देतो." तिसरा पिशवीभर पुस्तकं घेऊन येतो आणि बिल कितीचं करू ते विचारतो. तिघांना चहा पाजा आणि वाटेला लावा. मी दुसऱ्या-तिसऱ्याला लावलं. पहिल्याचं ऐकलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका छोट्या गावात २०१३ साली लागले. सरकार वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं. आमचा 'इतर ड' वर्ग, म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा नुकतीच पास झाले होते, ग्रंथालयशास्त्रातली रंगनाथनांची पाच सूत्रं तोंडपाठ होती, पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणाचे आकडे झोपेत सांगितले असते. अनुदानाचा हिशेब कसा लागतो हे मात्र नीट कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर एका तासात एका ओळीत सांगितलं असणार, आणि मी नेमकी तेव्हा शेजारणीशी बोलत असणार.

ती ओळ अशी : मागच्या वर्षी तुम्ही मान्य बाबींवर (वेतन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल वगैरे) जेवढा खर्च केला त्याच्या ९० टक्के, किंवा तुमच्या वर्गाची ठरलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी असेल ते अनुदान.

वाचताना सोपं वाटतं. म्हणूनच थांबा आणि पुन्हा वाचा. आमच्या वर्गाची कमाल तेव्हा वर्षाला ३० हजार होती. पहिल्या वर्षी ३० हजार आले. समितीत ठराव झाला, "आले तेवढेच खर्चायचे, उधारी नको, गावात नाव खराब होतं." शहाणपणाचा ठराव वाटला. मी पै न् पै खर्च केली, व्हाउचरं लावली, कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जुळवली आणि ताठ मानेने अहवाल दिला. दुसऱ्या वर्षी २७ हजार आले.

मला वाटलं, सरकारने कपात केली. सगळ्यांनाच वाटलं. गुरुजी, म्हणजे आमचे जुने कार्यवाह, म्हणाले, "बजेट नसेल या साली, पुढं देतील भरून." आम्ही २७ हजार तसेच काटेकोर खर्च केले. तिसऱ्या वर्षी २४,३०० आले. तेव्हा मी चिडून अर्ज लिहिला आणि एसटीने साताऱ्याला गेले. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातल्या एका बाईंनी अर्ज शांतपणे वाचला, पेन्सिल घेतली आणि माझ्याच अर्जाच्या मागे तीन ओळी लिहिल्या. ३०,००० चे ९० टक्के २७,०००. २७,००० चे ९० टक्के २४,३००. आणि खाली, "असंच चालू ठेवलंत तर पुढच्या वर्षी २१,८७०." कपात कुणीच केलेली नव्हती. दरवर्षी दहावा हिस्सा मीच कापत होते, तोही अगदी चोख हिशेब ठेवून.

नवीन माणूस इथेच अडकतो, म्हणून पुन्हा सांगते. अनुदान पूर्ण हवं असेल तर अनुदानापेक्षा जास्त खर्च दाखवता आला पाहिजे, आणि तो खराखुरा झालेला असला पाहिजे. ३० हजार मिळवायचे तर मान्य खर्च किमान ३३,३३४ हवा. वरचे तीन-साडेतीन हजार वर्गणीतून, देणगीतून, आजीव सभासदांच्या रकमेवरच्या व्याजातून, कुठूनही आणा, पण आणा. तुमचं वाचनालय गावाचं आहे, सरकारचं नाही, हे सरकार या दहा टक्क्यांतून सांगतं. मला ते पटतं. राग येतो तो हे कळायला तीन वर्षं गेली याचा.

याचीच एक उपशाखा आहे. एका वर्षी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून आम्हाला पुस्तकांचा गठ्ठा मिळाला. हे प्रतिष्ठान कोलकात्याचं, १९७२ पासूनचं. राज्याचा वाटा घालून समान निधीची आणि वाट्याविना असमान निधीची अशा दोन्ही योजना ते चालवतं. चांगली पुस्तकं होती. समिती म्हणाली, "मग या वर्षी खरेदी कशाला? पुढच्या वर्षी बघू." मी मान हलवली. फुकट आलेली पुस्तकं दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीत, चढतात, कपाटात बसतात, वाचकाच्या हातात जातात, पण खर्चाच्या बाजूला त्यांचा रुपया दिसत नाही, कारण आपण तो दिलेलाच नसतो. वर चढायला लागलेला आकडा पुन्हा घसरला. भेट आली म्हणून खरेदी थांबवू नका. एवढं एकच वाक्य वहीत लिहून ठेवलंत तरी हे सगळं लिहिल्याचं सार्थक झालं म्हणेन.

आता यंत्रणेबद्दल. परीक्षेपुरतं तुम्हाला माहीत आहे : महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. त्याखाली राज्य ग्रंथालय परिषद, मंत्री अध्यक्ष. परिषद सल्ला देते, ग्रंथालय संचालनालय राबवतं, विभागात सहायक संचालक, जिल्ह्यात अधिकारी. मलाही सुरुवातीला वाटायचं की मुंबईला परिषद बसते आणि आमच्या गावात कोणती पुस्तकं यावीत ते ठरवते. तसं काही नसतं. राज्याच्या पातळीवरचं नियोजन म्हणजे कोणत्या वर्गाला किती कमाल रक्कम, मान्यतेच्या अटी कोणत्या, नवीन वाचनालयं घ्यायची की नाही, प्रशिक्षण कुणी द्यायचं, हे. पुस्तक निवडणं तुमचं काम आहे, वाचक वाढवणं तुमचं काम आहे, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याखालून कपाट हलवणं तर शंभर टक्के तुमचंच.

वर्षाकाठी हे सगळं तुमच्याशी बोलतं ते एकाच माणसाच्या तोंडून, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या. म्हणून वर्षातून एकदा तरी काम नसताना त्या कार्यालयात जा. अडल्यावर गेलात की अर्जदार असता. काम नसताना गेलात की ओळखीचे होता. मी अर्ज नसता लिहिला, सरळ जाऊन नुसतं विचारलं असतं, तर दोन वर्षं वाचली असती.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. मद्रास प्रांताने १९४८ सालीच कायदा करून मालमत्ता कराला जोडून ग्रंथालय कर बसवला. आपल्याकडे तो रस्ता घेतला नाही. ग्रंथालय निधीत शासनाने दरवर्षी किमान २५ लाख घालायचे अशी तरतूद झाली. प्रत्यक्षात शासन त्याहून कितीतरी जास्त देतं, पण ते दर वर्षीच्या अर्थसंकल्पातून. त्यामुळे वाचनालयाचा पैसा दर वर्षी नव्याने ठरतो आणि हप्त्यांनी येतो, दुसरा हप्ता बहुधा वर्ष संपता संपता. तुमचा खर्च मात्र एप्रिलपासून सुरू होतो. कर असता तर बरं झालं असतं का? माझं मत हो आहे. गुरुजींचं मत, "गावात पाणीपट्टी भरत नाहीत, ग्रंथालयपट्टी कोण भरणार?" हा वाद आमचा अजून मिटलेला नाही.

ज्येष्ठांबद्दल थोडं बोलते, कुणाला लागलं तर लागू दे. ग्रंथोत्सवाच्या व्यासपीठावर वाचनसंस्कृतीवर तासभर बोलणारे खूप भेटतील. ऐका, टाळ्या वाजवा, पण त्यांना गुरू करू नका. गुरू करायचा तर शेजारच्या तालुक्यातल्या 'ब' वर्गाच्या वाचनालयातली वीस वर्षं काम केलेली ग्रंथपाल शोधा. तिच्याकडे एक दुपार बसा, तिची कीर्द बघा, तपासणीच्या वेळी ती कोणत्या क्रमाने वह्या काढून ठेवते ते बघा. मी अशाच एका ताईंकडे चार दुपारी काढल्या. प्रमाणपत्र वर्गात सहा महिन्यांत जे कळलं नाही ते तिथं कळलं. बिल ज्या दिवशी आलं त्याच दिवशी पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवायची, बिलावर दाखल क्रमांक कुठून कुठपर्यंत ते लिहायचं, शिक्का शीर्षक पानावर आणि ठरलेल्या एका आतल्या पानावर मारायचा. वेतन रोखीने नाही, बँकेतून. ताई एवढंच म्हणाल्या, "पुस्तक, बिल आणि वही, तिघांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे."

तुमच्याऐवजी वह्या भरून देणारे प्रत्येक तालुक्यात असतात. पैसेही फार घेत नाहीत. पण त्यांनी भरलेल्या वहीत सगळं वर्ष एकाच शाईत, एकाच बसणीत लिहिलेलं असतं, आणि तपासणीला आलेल्या माणसाला ते उंबऱ्यातूनच दिसतं. मे २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली, तेव्हाच्या गोष्टी गुरुजी अजून सांगतात. पुस्तकं मोजली, वर्तमानपत्रं बघितली, वाचनालय उघडं आहे का ते बघितलं. कागदावरची वाचनालयं उघडी पडली, आणि त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ, म्हणजे वरच्या वर्गात जाणं, वर्षानुवर्षं अडून राहिली. चूक काहींची, पण वाट अडली सगळ्यांची. आमच्याकडे 'क' वर्गाला पुरतील एवढी पुस्तकं झाली तरी आम्ही 'ड'च राहिलो. दर्जावाढीच्या भरवशावर कर्ज काढून कपाटं घेऊ नका. आधी सध्याचा आदेश काय आहे तो जिल्ह्याला विचारा.

जास्त कमिशनवाल्या पुस्तकवाल्याचं एवढंच सांगते की त्या गठ्ठ्यातलं पुस्तक कुणी नेत नाही. आमच्याकडे माझ्या आधीच्या काळातली अशी साठेक आहेत. देवघेवीच्या चिठ्ठ्या अजून कोऱ्या आहेत.

पगाराचं स्पष्ट बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. अनुदानातली साधारण निम्मी रक्कम वेतनावर जाते. ३० हजारांतले १५ हजार, म्हणजे महिन्याला १,२५०. नंतर ६० टक्के वाढ झाली, 'ड' वर्गाची कमाल ४८ हजारांवर गेली, तरी हिशेब महिन्याला २,००० च्या पुढे सरकत नाही. यावर घर चालत नाही. मी दुपारी पिको-फॉलचं मशीन चालवते, संध्याकाळी वाचनालय उघडते. हीच तुमची एकमेव नोकरी असणार असेल तर 'ड' आणि 'क' वर्गात येताना शंभरदा विचार करा. वेतनश्रेणीची मागणी जुनी आहे, मोर्चे झालेत, मीही एकात चालले आहे. पण मागणी म्हणजे पगार नाही.

हे वाचून कुणी घाबरून परत फिरू नये. वह्या दिसतात तेवढ्या अवघड नसतात. रोज पंधरा मिनिटं दिलीत तर मार्चमध्ये रात्र जागवावी लागत नाही. मला गणितात कायम काठावर मार्क, तरी जमलं. तपासणीला येणारी माणसं राक्षस नसतात. वही खरी असेल आणि चूक असेल तर ती दाखवतात, शेरे लिहितात आणि पुढच्या वेळी तेच बघतात. वही खोटी असेल तर मात्र तुमच्यासाठी कुणी काही करू शकत नाही, मीही नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. खर्च आणि कमाल यांचा मेळ आम्ही शेवटी कसा घातला? डिसेंबरात एकदा बेरीज करते. तोपर्यंतचा मान्य खर्च, त्यात पुढच्या तीन महिन्यांचं वेतन, वर्तमानपत्रं, वीजबिल. आकडा कमी पडत असेल तर जानेवारीत पुस्तक खरेदी, मार्चची वाट न बघता. पैसे कमी असतील तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांकडे वर्गणीचं पुस्तक घेऊन जाते. गेल्या वेळी चौदा नव्या सभासद झाल्या, त्यातल्या नऊ अजून पुस्तकं नेतात.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर आधी ३३,३३४ लिहिलं होतं. आता तो आकडा खोडून शेजारी ५३,३३४ लिहिलाय. या डिसेंबरातली बेरीज अजून करायची आहे.