खाऱ्या सरोवरात उतरताय? या चुका टाळा

खाऱ्या सरोवरात सगळ्यात जास्त फजिती होते ती चांगलं पोहता येणाऱ्यांची. ज्याला पोहता येत नाही तो बिचारा घाबरत घाबरत गुडघाभर पाण्यात जातो, हळूच मागे बसतो आणि मजेत तरंगायला लागतो. पट्टीचा पोहणारा मात्र सवयीने पालथा होतो आणि तिथेच फसतो.

पालथं पोहायला जाणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, मृत समुद्राच्या (इस्रायल आणि जॉर्डनच्या मधलं खारं सरोवर) पाण्यात ३४० च्या आसपास. तिथलं एक लिटर पाणी जवळजवळ सव्वा किलो भरतं. आपलं शरीर लिटरमागे जेमतेम एक किलोचं, त्यामुळे अंगाचा पाचवा हिस्सा पाण्याबाहेरच राहतो. पालथे झालात की कंबर आणि पाय वर उसळतात, लाथा हवेत बसतात आणि मान दुखेपर्यंत ताणली तरी तोंड पाण्याकडेच झुकतं. सरळ व्हायला जावं, तर पाय खाली जायलाच तयार नसतात. इथे कोणी बुडत नाही असं लोक बिनधास्त सांगतात, पण तोंड पाण्यात गेलं आणि उलटं होता आलं नाही तर कंबरभर पाण्यातही जीव जाऊ शकतो.

तेव्हा उताणेच राहा. चुकून पालथे झालात तर पाय झाडू नका. एक हात अंगाशी घ्या, त्या कुशीवर वळा आणि उताणे व्हा. उभं राहायचं असेल तर गुडघे छातीशी ओढा, खुर्चीत बसल्यासारखे व्हा आणि मग पाय तळाकडे दाबा. हे कमरेच्या खालच्या पाण्यात दोनतीनदा करून बघा, मगच पुढे सरका. उडी, सूर वगैरे विसरा.

दुसरी चूक डोळ्यांची. भुवईवरून एक थेंब ओघळतो, आपण नकळत हाताच्या मागच्या बाजूने तो पुसतो आणि तो हातही त्याच पाण्याने निथळत असतो! मग जे होतं ते सांगण्यासारखं नाही. अशा वेळी चोळू नका. डोळे मिटून उताणे पडून राहा, सोबत्याला हाक मारा आणि त्याचा हात धरून बाहेर या. काठावर गोड्या पाण्याची बाटली हवीच. तिचं झाकण आधीच सैल करून ठेवा; मिठाच्या पाण्याने बोटं बुळबुळीत होतात आणि नेमक्या त्या घाईत झाकण फिरत नाही. पोहण्याचा गॉगल असेल तर उत्तम. कोणाच्या अंगावर पाणी उडवणं इथे गंमत नाही, हे बरोबरच्या मुलांना आधीच सांगा. खरं तर अगदी लहान मुलांना उतरवूच नये, त्यांचे हात डोळ्यांकडे जाणारच.

आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग करू नका. ओरखडा तुम्हाला माहीतही नसतो, पाणी तो बरोबर शोधून काढतं. छोट्या जखमेवर व्हॅसलीन चोपडता येतं, मोठी असेल तर काठावरच बसा. तळाशी मिठाचे खडे काचेसारखे धारदार असतात, म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. साध्या चपला पायातून निसटून तरंगत जातात.

पाणी गिळलं गेलं तर? जिभेला लागलेल्या थेंबाने काही होत नाही, तोंड कडू होतं इतकंच. पण मृत समुद्राचा घोट पोटात गेला तर ठीक वाटतंय म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. त्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर आहे, आणि रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सगळी खारी सरोवरं एकसारखी समजणं हीसुद्धा चूकच. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या मधून रेल्वेचा बांध गेला आहे, त्यामुळे त्याच सरोवराचा उत्तर भाग दक्षिणेपेक्षा कितीतरी खारट आहे. एका काठावरचा अनुभव दुसऱ्या काठावर चालत नाही. वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. तरंगणारं अंग पाण्याच्या इतकं वर असतं की वारा त्याला शिडासारखा ढकलतो, आणि उताण्या माणसाला आकाशाशिवाय काही दिसत नाही. दर मिनिटाला मान वळवून काठ बघा.

पंधरा-वीस मिनिटं पुरेत. त्वचा चुरचुरायला लागली की वेळ संपली असं समजा. बाहेर आल्यावर अंग वाळायच्या आत गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाची पांढरी पापडी धरते आणि टॉवेलने पुसताना सँडपेपर घासल्यासारखं होतं. चांदीची अंगठी तेवढी आधीच काढून ठेवा, काळी पडते.