कार्ड हातात, पण यादीत नाव नाही: मतदानाच्या या चुका टाळा

दर निवडणुकीला सकाळी दहाच्या सुमारास हा प्रसंग घडतोच. शाळेच्या फाटकापासून लांब, नावे शोधून द्यायच्या टेबलावर मी बसलेली असते. गेल्या विधानसभेला एक आजी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून जपलेले मतदान कार्ड त्यांनी बाहेर काढले. आम्ही यादीची पाने उलटली, आडनावावरून पाहिले, घर क्रमांकावरून पाहिले. नाव नव्हते. ‘‘अगं, पण कार्ड आहे ना माझ्याकडे!’’ असे त्या तीनदा म्हणाल्या. त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचत नाही.

कार्ड फक्त ओळख पटवते. मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२ तेच सांगते. उलट, कार्ड हरवले पण नाव यादीत असले, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक दाखवून मत देता येते. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाही. तिच्यासोबत यांपैकी काहीतरी लागतेच.

नाव शोधायला उशीर करणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नोंद होत नाही. अर्जाची छाननी व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात हातात त्याहूनही कमी दिवस असतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि नाव नोंदवायला १९ ऑक्टोबरपर्यंतच वेळ होता. म्हणजे जेमतेम चार दिवस! निवडणूक जाहीर झाल्यावर नाव शोधू म्हणणारा माणूस तिथेच अडकतो.

पालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत तर आणखी एक मेख आहे. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो. ठरावीक तारखेची यादी घ्यायची आणि ती प्रभागांत फोडायची, एवढेच त्याच्या हातात असते. प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा ‘माझे नाव शेजारच्या प्रभागात गेले’ ही तक्रार ऐकली जाते. ‘माझे नाव विधानसभेच्या यादीतच नाही, ते घाला’ ही ऐकली जात नाही.

म्हणून निवडणूक नसताना नाव पाहा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर, १९५० या हेल्पलाइनवर किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे. अठरा पूर्ण झालेल्या मुलांसाठी आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचे कारण नाही.

घर बदलल्यावर चुकीचा अर्ज भरणे

नाशिकहून पुण्याला आलात, तर अर्ज क्रमांक ८ भरायचा. पुष्कळ लोक ६ भरतात. तो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांचा आहे आणि त्यात आधी कुठे नोंद नसल्याचे जाहीर करावे लागते. मग जुन्या गावी एक नाव, नव्या शहरात एक नाव. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि खोटे जाहीर केले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. अर्ज ८ भरला की पत्ता बदलतो आणि कार्डाचा क्रमांक तोच राहतो.

‘तुमचं मत झालंय’ ऐकून घरी जाणे

मला मनापासून सांगायचे आहे ते हे. दुपारी एक तरुण केंद्रातून तणतणत बाहेर आला. त्याच्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेले होते. मी म्हटले, ‘‘परत आत जा, प्रदत्त मत मागा.’’ त्याने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता.

अशा वेळी केंद्राध्यक्षांकडे जायचे. ओळख पटली की नियम ४९-पी प्रमाणे ते कागदी मतपत्रिका देतात. तिच्यावर शिक्का मारायचा, नोंदवहीत सही करायची. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, हे खरे आहे. तरीही ती द्याच. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. तुम्ही तणतणत घरी गेलात, तर तुमच्या मताचा कागदच कुठे राहत नाही. माझे स्पष्ट मत आहे की जिथे विजयाचे अंतर प्रदत्त मतांपेक्षा कमी असेल, तिथे ती पाकिटे मोजणीच्या दिवशीच उघडण्याची तरतूद कायद्यात हवी. खऱ्या मतदाराने त्यासाठी कुणा उमेदवाराच्या याचिकेची वाट का पाहायची?

यादीत नाव आहे, पण ‘स्थलांतरित’ किंवा ‘मृत’ अशी खूण आहे, असेही घडते. तेव्हाही माघार घेऊ नका. ओळखपत्र दाखवा, मागतील ती सही-अंगठा द्या आणि मत द्या.

चार मतांच्या प्रभागात एकच बटण दाबणे

मुंबई सोडली तर महापालिकांत एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक निवडतात. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीची वेगळ्या रंगाची मतपत्रिका. लोक आपल्या ओळखीचे एक चिन्ह दाबतात आणि निघतात. शेवटचा लांब बीप वाजत नाही, अधिकारी ‘‘काका, थांबा, थांबा’’ म्हणत हाक मारतात, मागे रांग खोळंबते. चारही जागांवर बटण दाबायचे असते. एखाद्या जागी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचे ‘नोटा’ दाबा. चारही मते एकाच पक्षाला द्यावीत, असा कसलाही नियम नाही.

नोटाबद्दलही गैरसमज आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांत ज्याला जास्त, तोच निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांहून अधिक मते घेऊन, तरी निकालाला धक्का लागला नाही. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची. तीच तरतूद लोकसभा-विधानसभेलाही लागू व्हावी, असे मला वाटते.

लोकसभा-विधानसभेला यंत्राशेजारी व्हीव्हीपॅट असते; आपण कुणाला मत दिले ते दाखवणारी त्याची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. ती पाहा. दुसरेच चिन्ह दिसले तर तिथेच सांगा. लेखी निवेदन घेऊन चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा आहे, म्हणून खात्री करूनच बोला.

आणि संध्याकाळची गोष्ट. मतदानाची वेळ संपताना जो रांगेत आहे, त्याला मत देता येते, मग आठ वाजोत की नऊ. रांगेच्या शेवटापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत लांब रांग पाहून परत फिरू नका, शेवटी जाऊन उभे राहा.