ओळ कुणाची? ग्रुपवर खेळायच्या रोमँटिक कवितेच्या भेंड्या

चार-पाच मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी कवी ओळखायचा. रोमँटिक म्हणजे इथे प्रेमकविता नव्हे, तर सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी रोमँटिक कवी: वर्डस्वर्थ, कोलरिज, बायरन, शेली की कीट्स?

ओळ निवडताना घाई करू नका. सगळ्यांना पाठ असलेली पहिली ओळ टाकलीत की लगेच उत्तर येतं आणि गप्पा तिथेच आटपतात. कवितेच्या पोटातली ओळ शोधा आणि स्वतः मराठीत करून टाका, म्हणजे गुगलही मदतीला येत नाही. उदाहरणार्थ, ‘पेल्याच्या काठाशी मण्यांसारखे बुडबुडे डोळे मिचकावताहेत.’

नुसतं नाव सांगितलं तर गुण नाही, कारणही द्यायचं. खरी खेचाखेची इथेच रंगते. वरची ओळ कीट्सची. चव, गंध, स्पर्श यांचा इतका लोभ बाकी कुणाला नाही. ‘आयुष्याच्या काट्यांवर कोसळतो मी, रक्त वाहतंय!’ ही ओळ टाका, कुणीतरी हमखास बायरन म्हणेल. ती आहे शेलीची, पश्चिम वाऱ्याला घातलेल्या सादेतली. बायरनवाल्यांना खुशाल चिडवा, पण त्यांची बाजूही ऐका. कारण पटलं तर चुकलेल्या उत्तरालाही अर्धा गुण द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

ग्रुप रंगात आला की सापळा लावा: ‘काही फुलांनी थकून दगडांवर उशीसारखी डोकी टेकली होती.’ सगळे वर्डस्वर्थ म्हणतील. तर विचारा, कोणता वर्डस्वर्थ? हे वाक्य विल्यमच्या बहिणीच्या, डोरोथीच्या रोजनिशीतलं आहे, 15 एप्रिल 1802 चं. भावाची त्याच डॅफोडिल फुलांवरची कविता छापून आली 1807 मध्ये. डोरोथीची पानं मला त्या कवितेइतकीच प्रिय आहेत, म्हणून प्रत्येक खेळात तिची एक तरी ओळ ठेवा.

शेवटच्या फेरीला दोन अख्खी सुनीतं (चौदा ओळींच्या कविता) द्या. 30 डिसेंबर 1816 रोजी कीट्स आणि त्याचा मित्र ली हंट यांनी घड्याळ लावून, एकाच विषयावर, नाकतोडा आणि रातकिड्यावर, सुनीतं लिहिली होती. कीट्सचं आधी पूर्ण झालं. दोघांच्याही सुनीतात उन्हाळ्यातलं गवत आहे, दोघांच्याही हिवाळ्यातली शेकोटी. नावं झाका, दोन्ही मूळ इंग्रजीतच टाका, फोनवर शोधायचं नाही अशी शपथ घ्यायला लावा आणि पंधरा मिनिटं द्या.