संदर्भसूची करताना या चुका टाळा

संदर्भसूची शेवटच्या रात्रीवर ढकलली की सगळा वेळ स्वल्पविराम आणि तिरप्या अक्षरांत जातो. खरं तर एखादा स्वल्पविराम चुकला तरी वाचकाला लेख सापडतो. खंड क्रमांक, वर्ष किंवा लेखकाचं नाव चुकलं तर मात्र तो शोधत बसतो. म्हणून आधी तपशील तपासा, मांडणी नंतर.

सर्वात जास्त घोळ आयत्या नोंदींमुळे होतो. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदीत कधी अंक क्रमांक नसतो, तर कधी शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत असतं. झोटेरो किंवा मेंडेली ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर मांडणी चोख करतात, पण आत चुकीची माहिती असेल तर तीच नेटकी छापून येते. संस्थेचं नाव माणसासारखं फोडलं जाणं हा नेहमीचा प्रकार: वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ होतं. झोटेरोत अशा नावासाठी लेखकाचा रकाना एकेरी करा. बिबटेकमध्ये (लाटेकसोबत वापरायच्या संदर्भनोंदींच्या फाइलमध्ये) नाव दुहेरी महिरपी कंसात घाला. आणि दुरुस्ती वर्डमध्ये करू नका, मूळ नोंदीत करा. वर्डमधली दुरुस्ती पुढच्या रिफ्रेशला पुसली जाते.

दुसरी चूक जुन्या आवृत्तीची. एपीए या संदर्भशैलीची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) सातवी आवृत्ती 2019 मध्ये आली. तिच्यात प्रकाशकाचं शहर लिहीत नाहीत, तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) येतं आणि सूचीत 20 लेखकांपर्यंत सगळी नावं द्यावी लागतात. जुना नमुना समोर ठेवून काम केलं तर हे तिन्ही नियम हुकतात. हार्वर्ड शैलीचं तर एकच अधिकृत नियमपुस्तक नाही. आपल्या विद्यापीठाची किंवा जर्नलची मार्गदर्शिकाच मागून घ्या.

व्हँकुव्हर आणि आयट्रिपलई शैलीत संदर्भांचे क्रमांक ते मजकुरात येतील त्या क्रमाने लागतात, वर्णानुक्रमे नाही. ते हाताने टाइप केले असतील तर मध्ये एक परिच्छेद घालताच पुढचे सगळे क्रमांक चुकू शकतात.

दुव्यांचं थोडक्यात: डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळख क्रमांक) पूर्ण लिंकच्या रूपात द्या, शेवटी पूर्णविराम नको. ग्रंथालयाच्या लॉगिनमधून मिळालेली लिंक चिकटवू नका, ती बाहेरच्या वाचकाला उघडत नाही.

या सगळ्यांपेक्षा मला गंभीर वाटते ती न वाचलेल्या लेखाचा हवाला देण्याची चूक. दुसऱ्याच्या निबंधात वाचलेलं मत थेट मूळ लेखकाच्या नावावर टाकलं, तर मधल्याची चूकही तुमच्या नावावर चढते. शक्यतो मूळ लेख मिळवा. नाहीच मिळाला, तर कोणाच्या लेखनातून घेतलं ते मजकुरात सांगा. एपीएनुसार सूचीत तुम्ही प्रत्यक्ष वाचलेलाच लेख येतो.

सादर करण्यापूर्वी मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत आणि सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात शोधून पाहा. एखादा लेख दरम्यान मागे घेतला गेलाय का, तेही बघा. झोटेरो अशा नोंदीवर इशारा दाखवतं.