वकिलांचे ऑफिस बंद झाले, तर आपल्या मृत्युपत्राचे काय?

कोर्टाजवळच्या गल्लीत एक खोली, भिंतीला लोखंडी कपाट, कपाटात दोऱ्याने बांधलेली दप्तरे आणि डांबरगोळ्यांचा वास: कोकणातल्या तालुक्याच्या गावी अनेकांची मृत्युपत्रे अशाच ठिकाणी वर्षानुवर्षे पडून असतात. ‘मूळ प्रत माझ्याकडे राहू दे, घरात नको,’ असे वकीलसाहेब म्हणतात आणि घरातल्या वाटण्यांची कुरबुर ठाऊक असल्यामुळे आपल्यालाही ते पटते. पुढे वकीलसाहेब थकतात किंवा जातात, मुले पुण्याला स्थायिक झालेली असतात आणि जागेचा मालक खोली रिकामी मागतो. चाकरमान्याचे मृत्युपत्र मुंबईत फोर्टमधल्या एखाद्या सॉलिसिटर फर्मकडे असेल, तर तिथेही भागीदार वेगळे होतात आणि जुन्या फायली गोदामात जातात. ऑफिस बंद झाल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. मात्र ते वेळेवर सापडले नाही, तर सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नोंद होऊन बसते आणि मग चुलत्या-पुतण्यांची वीस-वीस नावे निस्तरण्यात पुढची पिढी जाते.

कागद मागून घेणे

ऑफिस बंद होणार असे कानावर येताच लेखी पत्र द्यावे. ओळख आहे म्हणून फोनवर भागवू नये. वकील हयात असतील तर पत्र त्यांच्या नावे, नसतील तर त्यांच्या कुटुंबीयांच्या किंवा ऑफिस सांभाळणाऱ्या ज्युनिअर वकिलाच्या नावे, स्पीड पोस्टाने किंवा पोच घेऊन द्यावे. पत्रात मृत्युपत्राची तारीख, आपले पूर्ण नाव व त्या वेळचा पत्ता लिहून मूळ प्रतीबरोबर कच्चा मसुदा आणि झेरॉक्सही मागावी. मसुदा कशाला, असे वाटेल. पण भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 237 नुसार मूळ मृत्युपत्र मृत्यूनंतर गहाळ झाले, किंवा मृत्युपत्र करणाऱ्याच्या कृतीवाचून नष्ट झाले, तर जपून ठेवलेल्या प्रतीवर किंवा मसुद्यावरही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळू शकते. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

फी बाकी आहे म्हणून कागद अडवून धरण्याचा हक्क वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या एका निकालात पक्षकाराच्या कागदांवर वकिलाचा असा ताबाहक्क चालत नाही, असे स्पष्ट केले आहे. दप्तरे कोणाकडे गेली याचा पत्ताच लागत नसेल, तर तालुक्याच्या बार असोसिएशनमध्ये विचारावे, कारण कोणाच्या फायली कोणी घेतल्या हे तिथे बहुधा ठाऊक असते. त्यानेही भागले नाही, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी अर्ज करावा.

कागद हाती आल्यावर तिथेच, टेबलावर, पाने मोजावीत. प्रत्येक पानावर आपली सही आहे का, शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, हे पाहून मगच पावती द्यावी आणि तिची एक प्रत स्वतःकडे ठेवावी: ‘अमुक तारखेचे मूळ मृत्युपत्र, पाने चार, खाडाखोड नाही, आज रोजी मिळाले.’ ही पावती क्षुल्लक नाही. मूळ मृत्युपत्र शेवटी करणाऱ्याच्याच ताब्यात होते आणि मृत्यूनंतर सापडले नाही, तर त्याने ते स्वतःच फाडून रद्द केले असावे, असे अनुमान न्यायालय काढू शकते. म्हणजे वकिलाच्या कपाटातून कागद घरी आणला की धोका संपत नाही, तो आपल्या अंगावर येतो. म्हणून घरी आणणे हा मधला टप्पा समजावा.

साक्षीदार कुठे आहेत?

माझ्या मते ऑफिस बंद होण्यातला खरा धोका इथे आहे आणि नेमका तोच कोणाच्या लक्षात येत नाही. घाईत केलेल्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून बहुधा वकिलांचा कारकून आणि ज्युनिअर यांच्याच सह्या असतात. ऑफिस चालू असते तोवर ते दोघे समोर असतात; ऑफिस बंद झाले की एक ठाण्याला मुलीकडे जातो आणि दुसरा कुठे प्रॅक्टिस करतो हे कोणालाच सांगता येत नाही. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायचे तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाने येऊन साक्ष द्यावी लागते. दोघेही सापडले नाहीत, तर हस्ताक्षरे ओळखणारी माणसे शोधण्याची वेळ येते आणि ते काम वेळखाऊ व बेभरवशाचे असते. आमच्या नात्यातल्या एका मृत्युपत्राच्या बाबतीत कागद व्यवस्थित मिळाला, सह्याही स्वच्छ होत्या. पण साक्षीदाराच्या नावापुढे नुसते गावाचे नाव लिहिलेले होते आणि त्या गावात त्या आडनावाची तीस-चाळीस घरे होती.

तेव्हा कागद परत घेतानाच दोन्ही साक्षीदारांचे आजचे पत्ते व फोन नंबर विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावेत. मृत्युपत्रावर मात्र एक अक्षरही वाढवू नये. साक्षीदार वारले असतील किंवा सापडण्यासारखे नसतील, तर सरळ नवे मृत्युपत्र करावे. ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवणीपत्रे मी रद्द करीत आहे’ हे वाक्य त्यात असावे, आणि साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, गावातलेच, घर-जागेशी संबंध नसलेले निवडावेत. महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. साध्या कागदावरही ते चालते. नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, हा समज मात्र चुकीचा आहे.

कायमची जागा

जुने मृत्युपत्र ठीक असेल, तर तेच दुय्यम निबंधकाकडे नेऊन नोंदवता येते. मृत्युपत्राच्या नोंदणीला मुदत नाही. ते कितीही जुने असले तरी चालते. नोंदणी केल्यावर मूळ प्रत आपल्याला परत मिळते आणि मजकुराची नक्कल कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये राहते. आपण हयात असेतो ती नक्कल आपल्याला किंवा आपल्या मुखत्यारालाच मिळते, त्यामुळे भाऊबंद जाऊन वाचतील ही भीती बाळगायचे कारण नाही.

दुसरा मार्ग फारसा कोणी वापरत नाही, पण वकिलाच्या कपाटाची जागा घेणारा तोच आहे. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 42 प्रमाणे मृत्युपत्र सीलबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवायला देता येते; रायगडसाठी अलिबाग, रत्नागिरीसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ओरोस येथे जावे लागते. पाकिटावर मृत्युपत्र करणाऱ्याचे नाव व आत काय आहे एवढेच लिहितात. ते पाकीट अग्निरोधक पेटीत ठेवले जाते आणि मजकूर कोणालाही कळत नाही. विचार बदलला तर अर्ज करून आपण ते परत घेऊ शकतो. मृत्यूनंतर कोणीही अर्ज केल्यास निबंधक ते अर्जदारासमोर उघडतो, नक्कल पुस्तकात उतरवतो आणि मूळ प्रत पुन्हा कार्यालयातच ठेवतो. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर कारण दाखवून निबंधकाला घरी बोलावण्याचीही तरतूद आहे. गोव्यात जमीन असेल तर तिथला वारसा कायदा वेगळा आहे. त्या भागासाठी तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्यावा.

कागद घरीच ठेवायचा असेल, तर माळ्यावरची ट्रंक आणि देवघराचा खण ही दोन्ही ठिकाणे टाळावीत. श्रावणात भिंतींना ओल येते आणि वाळवी एका रात्रीत पाकिटाच्या आत पोहोचते. लॅमिनेशन कधीही करू नये, कारण पुढे सहीची तपासणी करायची वेळ आली, तर प्लास्टिकखालची शाई तपासता येत नाही. पानांना नव्याने टाचण्याही मारू नयेत. जुन्या टाचणीची भोके सोडून दुसरी भोके दिसली की पान बदलले की काय, अशी शंका काढायला प्रतिपक्षाला वाव मिळतो. बँकेच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवले, तर तो कोण उघडणार हाच प्रश्न येतो. निदान नॉमिनीला सांगून ठेवावे.

शेवटी, मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला त्यात ज्याला व्यवस्थापक नेमले आहे, त्याला आणि आणखी एका विश्वासातल्या माणसाला जागा सांगावी. मजकूर सांगण्याची गरज नाही. सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या ज्या फाइलमध्ये असतात, तीच फाइल घरचे लोक आधी उघडतात. त्या फाइलमध्ये वरच एक चिठ्ठी ठेवावी: मृत्युपत्राची तारीख, ते कुठे आहे, नोंदणी किंवा पाकिटाच्या पावतीचा क्रमांक, दोन्ही साक्षीदारांचे पत्ते. दर वर्षी गणपतीला सगळे घरी जमतात, तेव्हा ते पत्ते बदलले आहेत का, हे एकदा पाहून चिठ्ठी नव्याने लिहावी आणि जुनी फाडून टाकावी.